माहेर पोर्तुगीज अमलात, सासर तलासरीत

डहाणू-तलासरीच्या वेशीपलीकडे दादरा-नगर हवेलीत 1954 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. वारली पाडे मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना. सोयरिकी जुळत, त्या राज्य पाहून नव्हे.

1950 नंतर हवेलीतून सून म्हणून आलेली स्त्री कागदोपत्री परकीयच. 1955 च्या नागरिकत्व कायद्याने भारतीयाच्या पत्नीला नोंदणीची वाट दिली, पण त्यासाठी कचेरीत अर्ज हवा! अखेर 11 ऑगस्ट 1961 रोजी हवेली भारतात विलीन झाली आणि 1962 च्या आदेशाने तेथे जन्मलेल्यांना नागरिकत्व मिळाले.

पुढे महाराष्ट्राचा 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणी करूनही पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता. हा हक्क ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा होता. नवरा कोण, माहेर कुठले, हे त्यात विचारलेले नव्हते. (भत्ता प्रत्यक्ष हाती पडणे, ही निराळी कथा.)

2005 च्या केंद्रीय कायद्याने हमी दिली ती कुटुंबाला: घर मिळून वर्षाला 100 दिवस. भत्ताही त्याच मर्यादेत, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर किमान निम्मा. 1979 साली सुनेचा स्वतःचा असलेला हक्क आता घराच्या जॉबकार्डावर मोजला जाऊ लागला.