गेंडे वाचले, ते कसे?

१९७४ साली आपल्याकडे, प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला, एका झाडाची मुळे खणताना चार जड धातूशिल्पे सापडली. त्यांत बैलांचा रथ होता, हत्ती होता, रेडा होता आणि एक गेंडाही होता. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहेच. सोळाव्या शतकात बाबराने पेशावरच्या आसपासच्या जंगलांतल्या गेंड्यांविषयी लिहून ठेवले आहे. आज एकशिंगी गेंडा पाहायचा तर मुख्यतः आसाम किंवा नेपाळ गाठावे लागते. मधल्या काळात झाले काय?

गेंड्याला लागते नदीकाठचे उंच गवत आणि दलदल. नेमकी हीच जमीन शेतीला उत्तम! गवताळ प्रदेश नांगराखाली गेले. त्यात बंदुका आल्या. कूचबिहारच्या महाराजांनी आपल्या ३७ वर्षांच्या (१८७१-१९०७) शिकारींची नोंद प्रसिद्ध केली, तीत २०७ गेंडे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काझीरंगात जेमतेम डझनभर गेंडे उरले असावेत, असा अंदाज होता. १९०५ मध्ये तेथे राखीव जंगलाचा प्रस्ताव झाला आणि १९०८ मध्ये ते प्रत्यक्षात आले. १९७४ मध्ये, म्हणजे दायमाबादचा गेंडा जमिनीतून वर आला त्याच वर्षी, काझीरंगा राष्ट्रीय उद्यान बनले. १९६६ च्या गणनेत तेथे ३६६ गेंडे होते, २०२२ मध्ये २६१३ मोजले गेले.

मग चिंता कशाची? शिंगाची. गाईच्या शिंगात हाडाचा गाभा असतो, गेंड्याच्या शिंगात तो नसतो. आपली नखे आणि केस ज्या केराटिन या प्रथिनाचे असतात, त्याचेच हे शिंग. पण पूर्व आशियातील पारंपरिक औषधांत त्याला मोठी मागणी असल्याने चोरट्या बाजारात त्याची किंमत प्रचंड आहे. चोरटे शिकारी गेंड्याला मारून शिंग मुळापासून तोडून नेतात.

आता थोडे गणित पाहू. गेंड्याची मादी सुमारे १६ महिने गाभण असते. एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांमध्ये साधारण तीन-चार वर्षांचे अंतर पडते. म्हणजे एक मादी मारली गेली, की तिची पुढची सगळी पिल्लेही गेली. ही तूट भरून यायला किती वर्षे लागतील, याचा हिशेब विद्यार्थ्यांना जरूर करायला सांगावा.

आणि राखण ढिली पडली तर? आसाम आंदोलनाच्या धामधुमीत, १९८३ मध्ये, लाओखोवा अभयारण्यातील ४० हून अधिक गेंडे मारले गेले आणि तेथील गेंडे संपले. पुढे मानसमध्येही सशस्त्र संघर्षाच्या काळात तेच झाले. नव्वदचे दशक संपेपर्यंत तेथे एकही गेंडा उरला नाही. २००८ पासून पोबितोरासारख्या ठिकाणांहून गेंडे नेऊन तेथे पुन्हा सुरुवात करावी लागली. दोन्ही ठिकाणी कायदा तोच होता, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. नव्हती ती तो अमलात आणणारी माणसे आणि आसपासची शांतता.

याउलट, आसामात २०१३ साली पंचवीसहून अधिक गेंड्यांची चोरटी शिकार झाली होती, तर २०२२ साली एकाचीही झाली नाही. त्याआधी, २२ सप्टेंबर २०२१ रोजी, सरकारने साठवणीतली २४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. या वस्तूला आम्ही किंमत देत नाही, हेच त्यातून सांगायचे होते.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. जगात एकशिंगी गेंडे सुमारे ४००० आणि त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश एकट्या काझीरंगात. ब्रह्मपुत्रेचा महापूर, एखादी साथ किंवा पुन्हा एखादा अशांत काळ आला, तर धोका या सगळ्यांना एकदमच. म्हणून केवळ आकडा वाढून भागत नाही. गेंडे अनेक ठिकाणी असायला हवेत आणि प्रत्येक ठिकाणी राखण जागी हवी. दायमाबादचा गेंडा जमिनीखाली हजारो वर्षे टिकला. जिवंत गेंड्याला मात्र रोज राखावे लागते.