इलेक्ट्रिशियनला कोडिंग जमतं का? रस्ता कंट्रोल पॅनलमधूनच जातो

आयटीआय करून कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागलेल्या अनेकांना कधी ना कधी वाटतं, आता कोडिंग शिकावं. जाहिराती थेट वेबसाइट बनवायला शिका म्हणतात. पण या लोकांसाठी जवळचा रस्ता त्यांच्या रोजच्या पॅनलमध्येच आहे. तो म्हणजे पीएलसी.

पीएलसी म्हणजे मशिन चालवणारा दणकट छोटा कॉम्प्युटर. १९६८ च्या सुमारास जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेल्या पॅनलला पर्याय हवा होता, कारण मशिनचं काम बदललं की वायरिंगही बदलावं लागायचं. डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ बनवला. (०८४ का? त्यांच्या कंपनीचा तो ८४वा प्रकल्प होता!) त्याची भाषा, म्हणजे लॅडर लॉजिक, मुद्दाम रिलेच्या सर्किट ड्रॉइंगसारखी ठेवली गेली, कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून.

डीओएल स्टार्टर जोडलेल्या माणसाला ही भाषा निम्मी येतेच. स्टार्ट बटणाला समांतर काँटॅक्टरचा एनओ लावला की बोट काढल्यावरही मोटर चालू राहते. हेच प्रोग्रामिंगमध्ये असं होतं: ‘स्टार्ट दाबलंय किंवा मोटर आधीच चालू आहे, आणि स्टॉप दाबलेलं नाही’. पॅरलल म्हणजे ‘किंवा’, सिरीज म्हणजे ‘आणि’. फॉल्ट शोधतानाही सर्किट अर्ध्यावर तपासून बिघाड कुठल्या बाजूला आहे ते बघतात. प्रोग्रामर बग तसाच शोधतो.

यापुढची पायरी स्ट्रक्चर्ड टेक्स्ट. ही पीएलसीचीच, पण लिहायची भाषा. त्यात इफ, फॉर, व्हाइल सगळं येतं. मग पायथन. पहिला प्रोजेक्ट म्हणून कॅल्क्युलेटर बनवण्यापेक्षा एनर्जी मीटरचं रीडिंग मॉडबसवरून घेऊन फाइलमध्ये साठवावं. मुलाखतीत सांगायलाही ते बरं.

अडचण कुठे येते? पीएलसी पूर्ण प्रोग्राम सेकंदाच्या अंशात पुन्हा पुन्हा चालवत राहतो. वेबचा प्रोग्राम मात्र कुणीतरी बटण दाबेपर्यंत गप्प बसतो, आणि उत्तरही कधी उशिरा येतं. ही सवय बदलायला वेळ लागतो.

दुसरी अडचण कागदाची. सी-डॅकच्या पीजी-डॅकला पदवी लागते, नुसतं आयटीआय चालत नाही. नाइलिटच्या ‘ओ लेव्हल’ला मात्र दहावीनंतरचं आयटीआय चालतं. आणि पैशांचं गणित वेगळंच: ट्रेनी म्हणून लागलं की ओव्हरटाइम आणि शिफ्टचा भत्ता दोन्ही जातात. घराचा हप्ता असेल तर राजीनामा आधी देणं परवडत नाही. ऑटोमेशनच्या कामात निदान पॅनलचा अनुभव मोजला जातो, वेब डेव्हलपमेंटमध्ये तो जवळपास शून्य धरतात.

सरावाला पीएलसी विकत घ्यायची गरज नाही. ‘कोडेसिस’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात सिम्युलेशन आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरपासून सुरुवात करा: आधी लॅडरमध्ये, मग तोच स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये.