घराशेजारी वर्कशॉप बांधताय? भिंतींआधी हे ठरवा

बंगल्याच्या आवारात सुतारकाम किंवा वेल्डिंगसाठी स्वतंत्र वर्कशॉप बांधताना अनेकजण आधी खोली बांधतात आणि मग यंत्रं बसवतात. क्रम उलटा हवा.

जागा : प्लायवूडचा पूर्ण तक्ता 8 बाय 4 फुटांचा असतो. टेबल सॉवर तो लांबीत कापायला पात्याच्या पुढे आणि मागे प्रत्येकी 8 फूट मोकळे लागतात. खोली लहान असेल तर यंत्र शटरच्या रेषेत ठेवावं, म्हणजे तक्ता बाहेर निघतो.

वीज : एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायरिंग वाचवते, माणसाला बसणारा शॉक ती रोखत नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवं. दिव्यांचं सर्किट वेगळं ठेवावं. नाहीतर यंत्रामुळे एमसीबी ट्रिप झाली की अंधार होतो आणि पातं मात्र काही क्षण फिरतच राहतं.

जोतं : पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून ते आवारापेक्षा उंच घ्यावं.

परवानगी : कुंपणापासून सोडायचं सामासिक अंतर आणि बांधकाम परवानगी स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे आधीच तपासावी. पाया खोदल्यावर नकाशा बदलणं महागात पडतं.