नोट चालत नाही अशा नव्या मुंबईत

पाकीट सोबत घ्यायचं तर घ्या, पण ते आज उघडण्यात अर्थ नाही. यूपीआय यायला 2016 उजाडणार आहे, आणि गांधीजींच्या चित्राच्या ज्या नोटा तुमच्याकडे आहेत त्या 1996 च्या आधीचा कुठलाही दुकानदार उलटसुलट करून पाहील आणि परत देईल. थोडक्यात, फिरायचं ते फुकटच.

1965 सालचा मे महिना. तुम्ही वाशीच्या बांधावर उभे आहात. वाशी म्हणजे वाशी गाव. सेक्टर हा शब्द अजून इकडे पोचलेला नाही. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भेगाळलेली खारी शेतं. पलीकडे मिठाचे ढीग उन्हात इतके चमकतात की डोळे बारीक करावे लागतात. पावसाआधी बांधाची डागडुजी उरकायची म्हणून एक म्हातारा चिखलाचे गोळे थापत बसलाय. तो तुमच्या बुटांकडे बघतो.

"कुठशी आयलाव?"

तुम्ही "नेरूळ, सेक्टर सहा" म्हणता. नेरूळ त्याला ठाऊक आहे. पुढचं त्याला कळत नाही आणि तो विचारतही नाही. त्याऐवजी तो तुम्हाला उघाडी दाखवतो. बांधाच्या पोटात एक तोंड ठेवलेलं आणि खाडीच्या बाजूने त्यावर एक फळी टांगलेली. भरती चढली की तिचंच पाणी फळीला दाबून तोंड बंद करतं. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी फळीला ढकलतं आणि खाडीत उतरतं. माणसाने हात लावायचा नाही. या एका फळीवर अख्ख्या गावाचं भात उभं असतं. खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन पुढची दोन-तीन वर्षं रुसते, हे सांगताना म्हातारा उघाडीवर थाप मारतो. मग मडक्यातलं पाणी देतो. पैशांचा प्रश्न येत नाही.

त्याला माहीत नाही, पण याच वर्षी खाडीपलीकडे वास्तुकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंते शिरीष पटेल हे तिघे 'मार्ग' त्रैमासिकात लिहितायत की मुंबईने आता उत्तरेकडे पसरायचं सोडून खाडी ओलांडावी. पाच वर्षांनी, 17 मार्च 1970 ला इथे नवं शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन होईल. 1973 ला खाडीवर पूल होईल. तोवर मुंबईची गाडी इथे यायची तर ठाण्याला वळसा घालूनच.

आता डोळे मिटा आणि तिथून फार लांब न जाता 2024 मध्ये उघडा. वाशी सेक्टर 10 अ, मिनी सी-शोअर. फरसबंदी, बाकं, संध्याकाळी वॉकला आलेल्या काकू, सायकल शिकणारी पोरं. समोरच्या पाण्याला लोक तलाव म्हणतात. अभियंते त्याला होल्डिंग पाँड म्हणतात. हे शहर बरंचसं भरतीच्या पातळीच्या खाली आहे. मुसळधार पाऊस आणि मोठं उधाण एकाच वेळी आलं तर गटारांतून खाडीच घरात येईल. म्हणून पावसाचं पाणी आधी या तळ्यात धरायचं, भरती असेपर्यंत झडपा मिटलेल्या ठेवायच्या, ओहोटीला त्या उघडून पाणी सोडून द्यायचं. सिडकोने हे तंत्र डच पद्धतीचं म्हणून आणलं, आणि डच लोक यात वाकबगार आहेतच. पण तुम्ही आत्ताच उघाडी बघून आला आहात, तेव्हा कौतुक कुणाचं किती करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. (या तळ्यांत आता गाळ साचलाय आणि गाळात कांदळवन उगवलंय. कांदळवन तोडायला कायद्याने बंदी, त्यामुळे गाळ काढणंही अडतं. झाड वाचवायचं की तळं, हा वाद बाकावर बसून फुकट ऐकायला मिळतो.)

बेलापूरचा किल्लाही बघून घ्या. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि 1817 नंतर इंग्रज, एवढे मालक बघितलेल्या त्या किल्ल्याचा एक बुरूज आणि थोडी भिंत उरली आहे. दहा मिनिटं पुरतात. तिथून सेक्टर 8 कडे चालत जा आणि 1986 मध्ये शिरा.

डोंगराच्या पायथ्याशी पांढरी, उतरत्या कौलांची बसकी घरं. हे आर्टिस्ट व्हिलेज, कोरियांनीच आखलेलं. तुम्ही एका चौकात उभे आहात. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. भोवती सात घरं. अशा तीन चौकांचा मिळून एक मोठा चौक, आणि असंच पुढे. दोन घरांची भिंत कुठेही सामाईक नाही. याचं कारण साधं आहे: ऐपत वाढली की माणूस खोली वाढवणार, आणि ती वाढवताना शेजाऱ्याशी भांडण नको. कमी उत्पन्नाच्या घरांचा इतका सुज्ञ विचार आपल्याकडे क्वचित झाला. चौकात पापड वाळतायत, कुणीतरी खाट टाकलीय, एक मुलगी लंगडीचे चौकोन आखतेय आणि तुम्ही तिच्या रेषेवर उभे आहात. बाजूला व्हा. आज याल तर कौलांच्या जागी अनेक ठिकाणी दोन-तीन मजली बंगले दिसतील. काही जण हळहळतात. मला त्यात फार दुःख वाटत नाही. घर वाढावं म्हणूनच तर भिंती सुट्या ठेवल्या होत्या. चौक मात्र अजून चौकच आहेत, आणि त्यांतून चालायला कुणाची आडकाठी नाही.

यानंतर दोन वर्षं मागे, आणि दक्षिणेला उरणच्या वाटेवर. 16 जानेवारी 1984, जासईजवळचा दास्तान फाटा. इथे तुम्हाला फार वेळ थांबवत नाही. शेतकरी जमले आहेत, बायाही आहेत, दि. बा. पाटलांचं नेतृत्व आहे. मागणी आहे ती नव्या शहरासाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीला रास्त मोल मिळण्याची. आज इथे आणि उद्या नवघरला मिळून पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडतील. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना त्यानंतरची. जासईच्या हुतात्मा स्मारकाला प्रवेशशुल्क नाही. मघाशी ज्या फरसबंदीवर तुम्ही चाललात ती कुणाच्या भाताच्या खाचरावर आहे, हा हिशेब इथे येऊनच नीट कळतो.

9 मे 1992 ला वाशी स्टेशनवर डोकावून घ्या. मानखुर्दहून पहिल्यांदा लोकल येतेय. तिकीट खिडकीवर तुमची नोट अर्थातच परत आली, तेव्हा बाहेरूनच बघा आणि निघा.

शेवट 2025 मध्ये करू, नेरूळच्या डीपीएस तलावाशी. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा फ्लेमिंगो तिकडे चरत असतात. भरतीने चिखल बुडला की ते उठून नेरूळच्या या उथळ पाण्यांवर येऊन उतरतात. इथल्या तलावालाही खाडीशी जोडणारं तोंड हवं. 2024 च्या उन्हाळ्यात भरतीच्या पाण्याची वाट अडली, तळं कोरडं पडलं आणि पक्षी मेले. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या जागेला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली.

म्हणून इथे यायचं ते भरती बघून. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हिवाळ्यापासून मेपर्यंत कधीही या, शक्यतो दशमी-एकादशीच्या सकाळी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सव्वाअकराच्या पुढे भर उन्हात चढतं, आणि तलावाच्या काठावर सावली जवळजवळ नाही. त्या दिवशी टोपी आणि पाण्याची बाटली घरूनच आणा.