मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर पाय सुजला, पण एक्स-रे नॉर्मल? हे समजून घ्या

मज्जारज्जूला इजा झालेल्या काही रुग्णांच्या सांध्याभोवती, बहुतेकदा खुब्याजवळ, स्नायूंच्या भागात नवं हाड तयार होऊ लागतं. याला 'हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन' म्हणतात.

संवेदना गेल्याने अनेकांना वेदना जाणवत नाहीत. पाय सुजतो, गरम लागतो, सांधा आखडतो. शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी अशीच सूज येते. म्हणून ती शक्यता डॉपलर सोनोग्राफीने तपासतात.

नव्या हाडात कॅल्शियम साचून ते एक्स-रेत दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागू शकतात. थ्री-फेज बोन स्कॅनमध्ये हा बदल त्याआधीच दिसतो. शस्त्रक्रिया करायची असेल, तर हाडाचा आकार आणि नेमकी जागा सीटी स्कॅनमधून कळते.

एक्स-रे नॉर्मल आला, पण सूज कायम असेल, तर पुढच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.