ऑपरेशननंतरचे थेंब

डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा सुरी, भिंग आणि लेसर यांचाच सांगितला जातो. जखम भरण्याचे काम मात्र पुढच्या औषधावर आणि पथ्यावर सोपवलेले असते. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू सळईने सारल्यावर डोळ्यात तूप घालून पट्टी बांधायला सांगितले आहे. रोग्याने उताणे निजायचे, शिंक, खोकला, ढेकरही आवरायची.

बीड जिल्ह्यात नेत्रशल्याला संस्थेचा आधार मिळाला तो अंबाजोगाईत. निजामी काळात मोमिनाबाद या नावाने घोडदळाची छावणी असलेल्या या गावी १९७४ च्या सुमारास ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. येथेच एकेकाळी शाळेत शिकवणाऱ्या, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला आहे. नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जाण्यापूर्वी येथे अध्यापक होते. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला, १९९४ पासून जागतिक बँकेच्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्रही होता. भिंग काढून दहा नंबरचा जाड चष्मा देण्याची पद्धत मागे पडली, पुढे टाकेही गेले. थेंब राहिले.

या थेंबांतले स्टेरॉइड सूज उतरवते, पण जखम सांधण्याचा वेग कमी करते, जंतुसंसर्ग झाकते आणि साधारण तिघांतील एकाच्या डोळ्यातला दाब थोडाफार चढवते.

लेसरने हा प्रश्न अधिक बिकट केला. रंगस्वामी श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक्सायमर लेसरने ऊतक न भाजता कापले जाते हे दाखवले. त्यातून निघालेल्या, चष्म्याचा नंबर घालवण्याच्या पहिल्या पद्धतीत बुबुळावर धूसरपणा येई, म्हणून काही महिने स्टेरॉइड द्यावे लागे. १९९० च्या सुमारास आलेल्या लॅसिकमध्ये बुबुळाचा पापुद्रा उचलून पुन्हा बसवतात. स्टेरॉइडने दाब वाढला, की कधी त्या पापुद्र्याखाली पाणी साचते आणि दाब मोजणारे यंत्र त्या मऊ थरावर टेकून कमी आकडा दाखवते. बुबुळ धूसर, दाब कमी, म्हणजे सूजच, असे समजून डॉक्टर थेंब वाढवतात आणि दृष्टीची नस दबत जाते. उपाय उलटा: स्टेरॉइड थांबवणे, दाब उतरवणे. वेदनाशामक थेंबही निरुपद्रवी नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेत डायक्लोफेनॅकच्या थेंबांनंतर काहींचे बुबुळ विरघळल्याची नोंद झाली.

म्हणून थेंब टप्प्याटप्प्याने कमी करायचे आणि दाब पुनःपुन्हा तपासायचा. दिवाळीनंतर बीडमधून ऊसतोडीला महिनोन्महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांना हे दुसरे जमणे अवघड. चिठ्ठीशिवाय हे थेंब विकायला कायद्याने मनाई आहे. पण घरातली उरलेली बाटली कोणत्याही कायद्यात येत नाही.