आवाज येतो, बोल कळत नाहीत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोचली आणि आमच्या गावाच्या आवाजांत इंजिनाच्या शिट्टीची भर पडली. आज स्टेशनालगतच्या नौपाड्यात, गोखले रोडवर, संध्याकाळी उभे राहून पाहा. रिक्षांचे हॉर्न, दुकानांतली गाणी, फेरीवाल्यांच्या हाका. तरणी पोरे त्यातही गप्पा मारतात. म्हातारी माणसे मात्र हसून नुसती मान डोलावतात. ‘त्यांना ऐकू येत नाही,’ असे आपण म्हणून टाकतो. माझी अम्मी म्हणायची, ‘आवाज येतो रे, बोल कळत नाहीत.’ तिचे निदान अचूक होते.

सात, हात, रात, पात हे शब्द घ्या. ‘आ’ सगळ्यांत सारखाच भरदार; अर्थ ठरतो पहिल्या व्यंजनावर. स, श यांसारखी व्यंजने नाजूक आणि उंच पट्टीतली. वय वाढते तसा कान आधी हीच पट्टी गमावतो. उरलेसुरले गोंगाट झाकून टाकतो. कवीच्या भाषेत सांगायचे तर यमक उरते, अर्थ जातो.

गोंगाटातून एकच बोलणे आपण कसे निवडतो? इंग्लंडच्या कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये यावर प्रयोग केले. एकाच आवाजातली दोन निवेदने मिसळून ऐकवली की ऐकणारे गोंधळत. दोन कानांत दोन वेगळी दिली, की हवे ते सहज निवडत. म्हणजे ऐकण्यात मेंदूचाही वाटा असतो. वयाबरोबर ही निवडही मंदावते. म्हणूनच शांत खोलीतल्या तपासणीत ठीक ठरलेला माणूस लग्नाच्या हॉलमध्ये हरवतो.

केंद्राच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये स्पष्ट केले, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. मला ते पटते. ध्वनिक्षेपक येण्याआधीही अजान होतच होती. या वादात झोपेचा आणि आरोग्याचा विचार होतो, तो व्हायलाच हवा. पण म्हाताऱ्यांच्या हरवलेल्या संभाषणाचे काय? बोल कळेनासे झाले की माणूस आधी समारंभ टाळतो, मग बोलणेच सोडतो.

ओरडून उपयोग नसतो. ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजने तिथेच राहतात. टीव्ही बंद करा, समोर बसा, सावकाश बोला. नाही कळले, तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि ‘जाऊ द्या, काही नाही’ असे मात्र म्हणू नका.